तीन किल्ल्यांची पेटी

माझा दादा कुलपं दुरुस्त करायचा आणि मी किल्ल्या कापायचे. अडतीस वर्षं आम्ही बहीणभाऊ एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, आणि त्यातली निदान तीस तरी भांडत बसलो. दुकान खाली, घर वर, आणि दुकानाच्या मागच्या अंगाला एक खोली, ती माझी. खोली म्हणजे काय, एक पलंग, एक खिडकी, आणि दार उघडलं की मशीनच्या तेलाचा वास. लग्न मी केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की मी सांगायचे, वेळ मिळाला नाही. ते खोटंही नव्हतं. वहिनी गेली तेव्हा दादाची तीन मुलं अकरा, आठ आणि चार वर्षांची होती, आणि दादाला कुलूप सोडून दुसरं काही सांभाळता येत नव्हतं.

बाजारात त्याला सगळे मास्तर म्हणत. उंचीने बेताचा, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, आणि बोलणं असं की पोलिसालासुद्धा दारात उभं करून आधी चपला पुसायला लावील. हट्टी तर इतका होता की डॉक्टरांनी हात टेकले. पण हात सोन्याचे. कुलूप कानाशी धरून हलवलं की आत काय मोडलंय ते सांगायचा.

दुकानातलं काम लोकांना दिसायचं. त्याचं दुसरं काम दुकानाबाहेर होतं आणि त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. कुणी गेलं की आठ-पंधरा दिवसांनी त्या घरातलं माणूस यायचं. मास्तर, वडिलांचं कपाट उघडायचंय, किल्ली सापडत नाही. दादा हत्यारांची पेटी उचलून जायचा. पण त्याचा एक नियम होता. घरात शिरल्याबरोबर विचारायचा, “सगळे आलेत का?” वारसांपैकी एक जरी कमी असला तरी तो कपाटाला हात लावत नसे. हत्यारांच्या पेटीवरच ठाण मांडून बसायचा. एकदा कुणाची तरी मुलगी परगावाहून यायची होती, तर सकाळपासून चारपर्यंत बसून राहिला. घरातल्या लोकांनी आधी चहा दिला, मग विनवण्या केल्या, मग शिव्या दिल्या. हा जागचा हलला नाही.

त्या दिवशी घरी येऊन जेवताना म्हणाला, “पाठीमागे सात माणसं उभी होती, आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता.”

मी म्हटलं, “मग चांगलं ना, शांतपणे काम झालं.”

“तुला कळायचं नाही,” तो म्हणाला. “कपाट उघडायच्या आधी तीच माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. उघडल्यावर सगळी एकमेकांच्या हातांकडे बघायला लागली.”

असली शेकडो कपाटं त्याने उघडली असतील. त्यातून त्याच्या डोक्यात एक भीती घर करून बसली, की आपल्या मागे आपली तीन मुलंसुद्धा अशीच उभी राहतील. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी डॉक्टरांनी त्याला हृदय थकलंय असं सांगितलं, तेव्हा तो औषधांच्या दुकानात न जाता सरळ वकीलबाईंकडे गेला. मला बरोबर घेऊन गेला, कारण मृत्युपत्रात माझा विषय होता.

तो विषय सरळ होता. घर आणि दुकान तिन्ही मुलांचं, समान. पण मी जिवंत असेपर्यंत ते विकायचं नाही, आणि मागची खोली आणि दुकान माझ्या ताब्यात राहील. वकीलबाईंनी मला समजावून सांगितलं होतं, कागद नसेल तर कायद्याने बहिणीला काहीच मिळत नाही. मुलं आहेत म्हटल्यावर सगळं मुलांचं. म्हणजे तो एक कागद होता म्हणून माझ्या डोक्यावर छप्पर होतं. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. त्या वयात नवीन छप्पर कोण देतं?

वकीलबाई फार नीट बाई. म्हणाल्या, “नोंदणी करून घ्या, आणि एक प्रत माझ्याकडे ठेवा.”

दादाने त्यांच्या कपाटाकडे बघितलं आणि विचारलं, “ह्यात ठेवणार?”

“हो.”

“हे मी चहा पिता पिता उघडीन,” दादा म्हणाला, आणि विषय संपला.

बाईंनी टाइप करून दिलेला मसुदाही त्याला पसंत पडला नाही. टाइप केलेलं कुणीही टाइप करू शकतं, असं त्याचं म्हणणं. घरी येऊन त्याने सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि समोरचा चष्मेवाला आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला यांना बोलावून त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी खाली साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. आत काय लिहिलंय ते दादाने त्यांना दाखवलं नाही. मजकुरावर हात आडवा धरून ठेवला होता. बेकरीवाला अजून त्याची नक्कल करून दाखवतो.

आणि मग तो पेटी करायला बसला.

चार महिने लागले. गिऱ्हाईकं बोंबलत होती आणि हा बाबा पेटीत डोकं घालून. जाड पोलादाची, दुहेरी पत्र्याची, मध्ये त्याने काय भरलं देव जाणे, पण कापायची म्हटलं तर साध्या करवतीचं काम नव्हतं. वर तीन कुलपं, शेजारी शेजारी. तिन्ही किल्ल्या एकाच वेळी फिरवल्या तरच झाकण उठणार. आतल्या बाजूला त्याने एक काच बसवली. चुकीची किल्ली घालून फिरवली की ती काच फुटते, आणि तिने अडवून धरलेल्या दोन खिट्ट्या खाली पडतात. एकदा पडल्या की त्या कुठल्याच किल्लीने उठत नाहीत. हे मोठ्या तिजोऱ्यांत असतं. चोराने जबरदस्ती केली तर तिजोरी कायमची मिटते. दादाने ते आपल्या मुलांसाठी केलं.

मी म्हटलं, “अरे, ह्यातली एक किल्ली हरवली तर?”

“हरवणार नाही.”

“आणि एकजण आलाच नाही तर?”

“येईल. यावंच लागेल. म्हणूनच तर केलंय.” मग कानस खाली ठेवून म्हणाला, “दुसऱ्यांच्या घरी मी सगळे येईपर्यंत बसून राहायचो. माझ्या घरी मी नसणार. मग ही पेटी बसून राहील.”

मी म्हटलं, निदान तिन्हींची एकेक नक्कल मी माझ्याजवळ ठेवते. तर अंगावर धावून आला. आमच्या धंद्याचा पहिला नियम, दुसऱ्याच्या किल्लीची नक्कल ठेवायची नाही. तो नियम मीही कधी मोडला नव्हता, म्हणून गप्प बसले. किल्ल्या मात्र मीच कापल्या. पितळेच्या, लांब दांड्याच्या, प्रत्येकीला सहा दात. फार सुबक झाल्या होत्या. आता वाटतं, जरा कमी सुबक करून त्याला पेटीचा कंटाळा आणला असता तर बरं झालं असतं.

एका रविवारी त्याने तिघांना जेवायला बोलावलं. तिघं म्हणजे, थोरला घरं बांधायच्या धंद्यात आहे, आवाज मोठा, पोट मोठं, आणि गेली दहा वर्षं ज्याला त्याला सांगत होता की ही जागा पाडून इथे चार मजले उभे राहतील. मधली नर्स, लांबच्या शहरात असते, वर्षातून दोनदा येते आणि आली की माझं कपाट आवरते. आणि धाकटा. त्याला मी चार वर्षांचा असल्यापासून वाढवला. रात्री घाबरला की वर बापाकडे जायचा नाही, खाली माझ्या पलंगावर यायचा. कॉलेज सुटल्यावर दोन वर्षं दुकानात माझ्या शेजारी बसून किल्ल्याही कापायला शिकला. मग एका कंपनीत चिकटला, लग्न केलं, भाड्याच्या घरात राहायला गेला. रोज फोन करायचा. रोज. थोरल्याचा फोन काम असेल तरच.

जेवण झाल्यावर दादाने मृत्युपत्र आत घालून मिटलेली पेटी टेबलावर ठेवली, तिघांना एकेक किल्ली दिली, आणि तशीच दुसरी काच दुकानात एका चौकटीत बसवून ती फोडून दाखवली. आवाज अगदी लहान होता. टिक्. एवढाच.

“बघितलंत?” दादा खुशीत म्हणाला. “मी गेलो की तिघं मिळून या. एकटादुकटा कुणी शहाणपणा करायला गेला तर कुणालाच काही नाही.”

थोरला हसला. म्हणाला, “बाबा, चोरांसाठी करतात ते आमच्यासाठी केलंत.” मधलीने त्याला कोपराने ढोसलं. धाकट्याने ती फुटलेली काच कागदात गोळा केली. मला मात्र भर दुपारी अंगावर काटा आला. का ते सांगता येत नाही. चांगल्या घरात, पोटभर जेवलेल्या मुलांच्या हातात त्या किल्ल्या बघून मला बरं वाटलं नाही, एवढं खरं.

त्यानंतर दादा तीन वर्षं जगला. पेटी माझ्या खोलीत पलंगाखाली होती. मी झाडताना झाडू तिला लागला तरी मला दचकायला व्हायचं. दादा गेला तो दुकानातच, स्टुलावर बसल्या जागी, हातात कुलूप घेऊन. मी म्हटलं, चहा ठेवू का, तर उत्तर नाही. मला वाटलं रुसला असेल.

सगळं आटोपल्यावर, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, धाकटा माझ्या पलंगावर येऊन बसला. डोळे सुजलेले. म्हणाला, “आत्या, त्या कागदात काय आहे गं? बाबांनी तुला वाचून दाखवलं होतं ना?”

आता बघा. मी थोरल्याला सांगितलं नसतं. मधलीलाही नसतं. पण हा माझ्या हातचा. मी सगळं सांगितलं. मी आहे तोवर विकायचं नाही, खोली माझी, दुकान माझं. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “बरं केलं बाबांनी.” जाताना दारात वळून विचारलं, “तुझं ते ब्लडप्रेशर काय म्हणतंय?” मी म्हटलं, एकदम उत्तम, डॉक्टर म्हणतात नव्वदी गाठाल. तो म्हणाला, “छान.” मला किती बरं वाटलं तेव्हा, की निदान एकाला तरी माझी काळजी आहे.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना भेटायला गेले. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, “एक गोष्ट नीट ऐका. त्या कागदाचा फायदा सगळ्यात जास्त तुम्हाला आहे, आणि किल्ल्या तुम्ही कापलेल्या आहेत. त्या पेटीला, त्या किल्ल्यांना तुमचा हात लागता कामा नये. उद्या एकाने जरी म्हटलं की आत्याने आधीच उघडून कागद बदलला, तर तुम्ही काय उत्तर देणार?”

मला हे सुचलंच नव्हतं. त्या सहा सहा दातांच्या तिन्ही किल्ल्या माझ्या बोटांना पाठ होत्या. डोळे मिटून मी त्या परत कापू शकले असते, आणि नेमक्या म्हणूनच मला त्यांना शिवायचं नव्हतं. मी पेटी पलंगाखालून काढून वर दादाच्या खोलीत ठेवायला लावली, आणि तेही थोरल्याच्या हातून, चष्मेवाल्याच्या समोर.

मग सुरू झालं वाट बघणं. मधलीला सुटी मिळेना. ती मिळाली तर थोरला येईना. आज साइटवर काम आहे, उद्या बाहेरगावी जायचंय. एकदा तर म्हणाला, किल्ली कुठे ठेवलीय ते शोधावं लागेल. झालं. सगळा बाजार त्याच्याकडे बोट दाखवायला लागला. बेकरीवाला म्हणाला, “तो किल्ली विहिरीत टाकून बसला असेल, त्याला चार मजले बांधायचेत.” मीही तेच धरून बसले होते. दोन-तीनदा तर फोनवर त्याला नाही नाही ते बोलले. दरम्यान थोरल्याच्या ओळखीचे कुणी दोघे टेप घेऊन आले आणि दुकानाची रुंदी मोजून गेले. मी विचारलं तर म्हणाले, “सहज.” सहज म्हणे. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ह्यांचं सहज चाललं होतं. धाकटा तेवढा रोज फोन करायचा. “तू काळजी करू नकोस आत्या, थोरल्या दादाला मी समजावतो,” असं म्हणायचा. त्या मुलाच्या जिवावर मी ते तीन महिने काढले.

शेवटी तिघं आले. दुपारची वेळ, वकीलबाई आलेल्या, साक्षीदार म्हणून चष्मेवाला. दादाच्या खोलीत, त्याच्याच टेबलावर पेटी. मी मुद्दाम भिंतीला टेकून हात मागे बांधून उभी राहिले.

थोरला सगळ्यात आधी पुढे आला. खिशातून रुमाल काढला, रुमालाची घडी उलगडली. आत किल्ली होती, तेल लावून पुसलेली, दादाने बांधून दिलेला दोरासुद्धा तसाच. मला म्हणाला, “आत्या, मला माहितीय तू मला काय काय म्हणतेस ते. ही जागा विकावी असं मला वाटतं, आजही वाटतं. पण बाबांनी जे लिहिलं असेल ते लिहिलं असेल.” आणि किल्ली पहिल्या कुलपात घातली. माझी मान खाली गेली. मधलीने तिची पर्समधून काढली आणि दुसऱ्या कुलपात घातली.

मग धाकटा. त्याने मूठ उघडली, किल्ली चिमटीत धरली, आणि मी बघितलं.

पितळ तीन वर्षं पडून राहिलं की काळवंडतं. सगळं सारखं काळवंडतं. त्याच्या किल्लीचा चौथा दात मात्र लखलखत होता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मला दाराच्या त्या बाजूने दिसलं असतं. दात खाली घेतलेला होता, केसभर, आणि त्यावर कानशीचे ओरखडे तिरपे, उजवीकडे झुकलेले. मी तशीच कानस चालवते. दादा मला त्यावरून बोलायचा, सरळ चालव म्हणून. जगात तसा तिरपा हात दोघांचाच होता. एक माझा, आणि दुसरा मी शिकवलेला.

थोरल्याला कानस धरता येत नाही. मधलीला येत नाही.

मी बोलले असते तर काय झालं असतं ते मला त्या क्षणात सगळं दिसलं. थोरल्याने त्याला तिथेच धरून बदडलं असतं, मधली किंचाळली असती, वकीलबाईंनी लिहून घेतलं असतं. खोली मला मिळाली असती, आणि ही तीन मुलं पुन्हा कधीही एका दारातून आत आली नसती. दादाने चार महिने डोळे फोडून जे करायला घेतलं होतं ते माझ्या एका वाक्याने संपलं असतं. आणि खरं सांगू? ते सगळं नंतर सुचलेलं असेल. त्या क्षणी मला फक्त तो चार वर्षांचा, उशी घेऊन माझ्या दारात उभा असलेला दिसत होता. मला वाटलं, तो थांबेल. मी नुसती वाट करून दिली तर तो थांबेल.

मी म्हटलं, “अरे, ती किल्ली जरा झिजल्यासारखी वाटते. उगाच धोका नको. खाली कोऱ्या किल्ल्या आहेत, मशीन आहे. मी हात लावत नाही, तूच सगळ्यांसमोर नवी काप. पाच मिनिटांचं काम. दात मी सांगते.”

त्याने माझ्याकडे बघितलं. नीट, डोळ्यांत बघितलं. त्याला कळलं की मला कळलंय, ह्यात तीळमात्र शंका नाही.

“कशाला आत्या,” तो म्हणाला. “हीच चालेल.”

आणि त्याने ती घातली. थोरला म्हणाला, “तीन म्हटलं की.” त्याने एक, दोन, तीन म्हटलं. तिघांनी मिळून फिरवल्या.

टिक्.

थोड्या वेळाने मधली रडायला लागली. थोरल्याला काही समजेना. तो किल्ल्या काढायचा, परत घालायचा, झाकण ओढायचा. म्हणायला लागला, बाबांचं कुलूप असं फसणारच नाही, तेल सुकलं असेल. धाकट्याने स्वतःची किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली. कुणी ती बघायला मागितली नाही. थोरल्याने पुढच्याच आठवड्यात त्याच्या साइटवरचा गॅसने पत्रा कापणारा माणूस आणला. मी नको म्हणत होते, वकीलबाई नको म्हणत होत्या, पण त्याला माझ्यासमोर सिद्ध करायचं होतं की त्याच्या मनात खोट नाही. दोन तास ज्योत चालली. झाकण सुटलं तेव्हा आत काळा पापुद्रा होता. थोरल्याने बोट लावलं तर त्याचा चुरा झाला. तो मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस जमिनीवर बसला आणि म्हणाला, “मी घाई केली. माझ्यामुळे गेलं.” आजही तो तसंच समजतो. धाकट्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढचं वकीलबाईंच्या ऑफिसात झालं. साक्षीदारांनी सह्या बघितल्या होत्या, मजकूर नाही. बाईंकडे टाइप केलेला मसुदा होता, पण बिनसहीचा. बाई म्हणाल्या, तिघांनी मनापासून मान्य केला तर तसंच वागता येईल. थोरला हो म्हणणार होता, मी त्याचे ओठ हललेले बघितले. त्याआधी धाकटा बोलला. फार हळुवार बोलला. “बाबांनी हाताने लिहिताना काय बदललं, आपल्याला काय माहीत? त्यांच्या नावाने अंदाज कशाला करायचा? कायद्याने होईल ते होऊ दे. आणि आत्याचं म्हणाल तर तिला मी सांभाळतो. माझी आईच आहे ती.” मधलीने डोळे पुसले. वकीलबाईसुद्धा म्हणाल्या, असा मुलगा नशिबाने मिळतो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

जागा विकली गेली. तिथे आता बांधकामाच्या आडोशाचे पत्रे उभे आहेत. धाकट्याने त्याच्या हिश्श्यात हे घर घेतलं, चौथ्या मजल्यावर, उजेडाचं. माझी खोली चांगली आहे, भिंती नवीन, खिडकी मोठी, कशाला वास नाही. सूनबाई प्रेमळ आहे. तो रोज ऑफिसला जाताना विचारतो, आत्या, काही हवंय का? मी म्हणते, नको. माझ्या गोळ्या तोच आणतो, तोच डबीत भरून ठेवतो, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. मी घेते. घेण्याआधी कधी कधी तळहातावर धरून जरा वेळ बघते, पण घेते. दुसरं काय करणार, जायचं कुठे?

एकदाच विषय निघाला. सूनबाई बाहेर गेली होती. तो माझ्या पलंगाच्या कडेला बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू तेव्हा बोलली का नाहीस?”

मी म्हटलं, “मला वाटलं तू थांबशील.”

तो म्हणाला, “तू बोलायला हवं होतंस. तू बोलली असतीस तर आज मला झोप लागली असती.” उठला आणि गोळ्यांची डबी जागेवर आहे का ते बघून गेला. म्हणजे तेही माझ्याच माथी. मला भयंकर संताप आला, आणि त्या संतापातसुद्धा मला त्याची कीव आली. ह्या दोन्ही गोष्टी एकदम कशा होतात ते मला कुणी समजावून सांगावं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिघं इथे जमतात. मधली रात्रीच्या गाडीने येते, थोरला फळं घेऊन येतो. आत्या आहे म्हणून आम्ही एकत्र येतो, असं तिघं सगळ्यांना सांगतात. दादाला हवं होतं ते तंतोतंत झालं, तिन्ही मुलं एका टेबलाशी बसून हसत जेवतात, कुणी कुणाच्या हातांकडे बघत नाही. फक्त धाकटा माझ्या तोंडाकडे बघतो. मी बोलायला ओठ उघडले की त्याचा घास हातातच थांबतो. थोरला विचारतो, काय आत्या, काही म्हणत होतीस? मग मी मीठ मागते. अजून तरी मीठच मागते.